संगणकाच्या झोपेचा जमाखर्च

भंडारा आणि साकोली यांच्या दरम्यान, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लाखनी हे तालुक्याचे गाव आहे. धानाच्या या पट्ट्यात संगणक शाळा-महाविद्यालयांतून आणि छोट्या दुकानांतून रुळत गेला तो काळ नेमका भारनियमनाचा होता. २००५ नंतरची काही वर्षे ग्रामीण महाराष्ट्राने रोज तासन्‌तास विजेविना काढली. अशा ठिकाणी यंत्र किती वेगाने चालते यापेक्षा ते रिकामे असताना किती वीज खाते आणि गरज पडताच किती वेळात कामाला लागते, हा प्रश्न मोठा ठरतो. लॅपटॉपचे झाकण मिटले की तो झोपतो आणि उघडले की जागा होतो, एवढेच वापरणाऱ्याला दिसते. आत मात्र ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नेल, चालू असलेले सगळे प्रोग्राम जागच्या जागी थांबवतो, डिस्क, पडदा, वायफाय, यूएसबी अशी उपकरणे एकेक करून निजवतो, शेवटी प्रोसेसर बंद करतो आणि उठताना हीच वाट उलटी चालतो. आज बहुतेक यंत्रांवर हे काही क्षणांत आणि बिनबोभाट होते. पंचवीस वर्षांपूर्वी, विशेषतः लिनक्सवर, झोपलेला लॅपटॉप पुन्हा उठेल याची खात्री कोणी देत नव्हते. हा बदल यंत्रे सुधारल्यामुळे झाला, असे सहसा सांगितले जाते. इतिहास पाहिला तर ते उत्तर अपुरे वाटते. झोपताना आणि उठताना कर्नेलचा एकेक क्षण कुठे जातो याची नोंद ठेवणारी साधने कर्नेलमध्येच आली आणि ती कोणालाही वापरता येऊ लागली, तेव्हा ही झोप सुधारली, असे माझे म्हणणे आहे.

सुरुवात १९९२पासून करावी लागते. त्या वर्षी इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एपीएम ही विजेच्या व्यवस्थापनाची पद्धत आणली. तिच्यात झोपेची बहुतेक सूत्रे बायोसच्या, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामच्या, हातात होती. ऑपरेटिंग सिस्टीमने विनंती करायची आणि बायोसने आपल्या मर्जीने यंत्र निजवायचे, अशी ही रचना होती. हा प्रोग्राम उत्पादकाचा, बंदिस्त. त्यामुळे यंत्र उठले नाही तर चूक कुठे झाली हे बाहेरच्या माणसाला कळायला मार्गच नव्हता. १९९६च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे प्रमाण जाहीर केले आणि सूत्रे ऑपरेटिंग सिस्टीमकडे आली. मेमरीला तेवढी वीज ठेवून बाकी सगळे बंद करण्याची ‘एस-३’ ही अवस्था आणि मेमरीतला मजकूर डिस्कवर उतरवून यंत्र पूर्ण बंद करण्याची ‘एस-४’ ही अवस्था यातूनच रूढ झाल्या. अधिकाराबरोबर जबाबदारीही आली. प्रत्येक उपकरणाच्या ड्रायव्हरला, म्हणजे ते चालवणाऱ्या प्रोग्रामला, आता स्वतः निजायला आणि उठायला शिकणे भाग होते, तेही ठरलेल्या क्रमाने. भंडारा जिल्ह्यातल्या मालगुजारी तलावांच्या साखळीत वरचा तलाव भरल्याशिवाय सांडव्याचे पाणी खालच्या तलावाकडे जात नाही, तसेच इथे आहे: आधी मुख्य बस जागी व्हायची, मग तिच्यावरचा कंट्रोलर, मग त्याला जोडलेले उपकरण. वरचे एक जरी अडले तरी खालची सगळी वाट पाहत राहतात. एसीपीआयने हा क्रम शक्य केला, पण कोण कुठे अडले हे सांगणारी सोय काही दिली नाही.

लिनक्समध्ये या कामाचा आरंभ डिस्कवर झोपण्यापासून झाला. १९९८च्या सुमारास गाबोर कुटी यांनी सुरू केलेले काम पावेल माखेक यांनी पुढे नेले आणि २००२मध्ये ते विकासाधीन असलेल्या २.५ मालिकेच्या कर्नेलमध्ये दाखल झाले. नायजेल कनिंगहॅम यांनी त्याचीच एक निराळी शाखा अनेक वर्षे सांभाळली. कोणती रचना बरी यावर पुष्कळ वाद झाले, पण खरी अडचण रचनेहून खोल होती. कर्नेलमधली चूक शोधण्याची नेहमीची साधने म्हणजे पडद्यावरचा मजकूर, डिस्कवरची नोंदवही, नेटवर्क किंवा सीरियल तारेवरून बाहेर जाणारा संदेश. झोपेच्या वेळी ही साधनेच आधी निजतात. उठताना यंत्र मध्येच अडले तर पडदा काळा, डिस्क बंद, तार मुकी. बटण दाबून यंत्र पुन्हा सुरू केले की मेमरीतला पुरावाही गेला. मग ड्रायव्हर एकेक करून काढून टाकायचे आणि पुन्हा निजवून पाहायचे, एवढाच उपाय उरत असे. हे काम चिकाटीचे होते, पण त्याला शोध म्हणणे कठीण होते. हा अंदाजांचा खेळ होता.

या अंदाजांना पहिला धक्का २००६मध्ये बसला आणि तो खुद्द लिनक्सचे जनक लिनस तोरवाल्ड्स यांनी दिला. यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले तरी टिकेल अशी एकच जागा कर्नेलच्या हाताशी उरते, हे त्यांनी हेरले: मदरबोर्डवरच्या बारीक सेलवर चालणारे घड्याळ. उठण्याच्या वाटेवर कर्नेलने प्रत्येक टप्प्याला त्या घड्याळात एक सांकेतिक आकडा लिहीत जायचे, अशी युक्ती त्यांनी केली. शंभर वर्षे, बारा महिने, प्रत्येकी अठ्ठावीस दिवस, चोवीस तास आणि तासाचे तीन-तीन मिनिटांचे वीस भाग, असा हिशेब मांडला तर घड्याळात सुमारे १ कोटी ६१ लाख वेगवेगळ्या खुणा मावतात. कर्नेलच्या फायलीतली ओळ आणि उपकरणाचे नाव यांची खूण ठेवायला तेवढ्या पुरतात. यंत्र अडले की तीन मिनिटांच्या आत ते पुन्हा सुरू करायचे, म्हणजे घड्याळ पुढे सरकून खूण पुसली जात नाही. सुरू होणारा कर्नेल ती खूण वाचतो आणि शेवटची गाठलेली जागा व तिच्याशी जुळणारे उपकरण सांगतो. यात घड्याळाची वेळ बिघडते, ती नंतर लावून घ्यावी लागते. २.६.१८ या आवृत्तीपासून ही सोय सर्वांना मिळाली. तिने वेळ मोजली नाही, केवळ अडलेली जागा दाखवली. तरी या इतिहासात तिचे स्थान मोठे आहे, कारण तिच्यामुळे पुरावा देणे साध्या वापरणाऱ्याच्या आवाक्यात आले. ‘माझा लॅपटॉप उठत नाही’ या तक्रारीच्या जागी ‘माझा लॅपटॉप या ड्रायव्हरपाशी अडतो’ हे विधान आले, आणि अशा विधानावर दूरचा माणूसही काम करू शकतो.

उठते की नाही हा प्रश्न मार्गी लागत असतानाच किती वेळात उठते हा प्रश्न पुढे आला, आणि त्याची एक महत्त्वाची चाचणी महाराष्ट्राशी जोडलेली आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचा एक्सओ हा छोटा लॅपटॉप विजेचा भरवसा नसलेल्या गावांतल्या मुलांसाठी बनवला होता. केंद्र सरकारच्या शिक्षण खात्याने २००६मध्ये हा प्रस्ताव नाकारला, तरी २००७च्या ऑक्टोबरात रायगड जिल्ह्यातल्या खैरात-धनगरवाडा इथल्या छोट्या प्राथमिक शाळेत या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ मेगाबाइट मेमरी एवढ्या भांडवलावर बॅटरी टिकवायची तर एकच मार्ग होता: मूल पान वाचत असताना, दोन कळा दाबण्याच्या मधल्या अवकाशातसुद्धा प्रोसेसरने झोपायचे. त्यासाठी पडद्यावरचे चित्र प्रोसेसरविना टिकवून धरणारी वेगळी चिप बसवली होती. वायफायची चिपही मुख्य प्रोसेसर झोपलेला असताना शेजारच्या लॅपटॉपचे निरोप पुढे पाठवत राही. यंत्राची बाजू अशी भक्कम असूनही ही सतत घेतली जाणारी झोप पहिल्यापासून सरसकट चालू ठेवता आली नाही. एक्सओच्या सॉफ्टवेअरच्या पुढच्या आवृत्तीत ती वापरणाऱ्याने निवडायचा पर्याय म्हणून आली. कारण कळ दाबल्यावर लागणारा विलंब बोटांना जाणवता कामा नये, ही अट सगळ्या ड्रायव्हरांनी मिळून पाळायची होती आणि एकट्या यूएसबीच्या उठण्यातही बराच वेळ जात होता. यंत्र खास झोपेसाठी बनवले तरी कर्नेलमधला मिलिसेकंदांचा हिशेब मांडल्याशिवाय त्या यंत्राचा पुरता उपयोग होत नाही, हे एक्सओने दाखवून दिले.

असा हिशेब मांडण्याची साधने त्याच दशकात घडत होती आणि त्यात भारतातल्या अभियंत्यांचा वाटा आहे. चालता कर्नेल थांबवून त्याची तपासणी करणारा केजीडीबी हा डीबगर लिनक्ससाठी २०००पासून अमित काळे यांनी सांभाळला. २००४नंतर दोन वर्षे ते काम पुण्याच्या लिनसिससॉफ्ट कंपनीकडे होते आणि २००८मध्ये त्याचे आटोपशीर रूप मुख्य कर्नेलमध्ये आले. चालत्या कर्नेलच्या हव्या त्या ठिकाणी तपासणीची खूण रोवणारी केप्रोब्स ही सोय २००४च्या २.६.९ आवृत्तीत आली. तिच्यावर आयबीएमच्या बंगळूर इथल्या अभियंत्यांनी मोठे काम केले होते. पण झोपेच्या बाबतीत डीबगरला एक मर्यादा आहे. तो कर्नेलला थांबवतो आणि दुसऱ्या यंत्राशी तारेने बोलतो. झोपेत ती तारच निजते आणि थांबलेल्या कर्नेलचे वेळापत्रकही खरे राहत नाही. २००८च्या ऑक्टोबरात २.६.२७ आवृत्तीबरोबर स्टीव्हन रोस्टेड यांचा एफट्रेस आला आणि ही कोंडी फुटली. एफट्रेस कर्नेलला थांबवत नाही. कोणते फंक्शन कधी सुरू झाले आणि कधी संपले याच्या नोंदी तो मेमरीतल्या एका वर्तुळाकार वहीत करत जातो. एस-३ झोपेत सगळे बंद झाले तरी मेमरीला वीज असते, म्हणजे ही वही झोपेतून सहीसलामत बाहेर येते. पूर्वी पुरावा नाहीसा करणारी अवस्था आता पुरावा जपणारी ठरली.

नोंदी हाती आल्यावर त्यांच्या आधारे निर्णय कसे झाले, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. पहिले २००९-१०मधले. राफाल विसोत्स्की यांनी उपकरणे एकामागून एक उठवण्याऐवजी एकमेकांवर अवलंबून नसलेली उपकरणे एकाच वेळी उठवण्याचा प्रस्ताव मांडला. तोरवाल्ड्स यांचा आक्षेप होता की यात गुंतागुंत फार आणि लाभ अनिश्चित. विसोत्स्की यांनी एचपी आणि एमएसआय या कंपन्यांच्या दोन साध्या लॅपटॉपवर दोन्ही रीतींनी लागणारा वेळ मोजून आकडे सर्वांसमोर ठेवले. कोणत्या उपकरणांना एकत्र उठवण्यात खरा फायदा आहे हे त्यातून दिसले, वादाचा रोख बदलला आणि २०१०मध्ये ही सुधारणा कर्नेलमध्ये गेली. दुसरे उदाहरण २०१३-१४चे. इंटेलमधल्या टॉड ब्रँट यांनी एफट्रेसच्या आणि कर्नेलच्या इतर नोंदी गोळा करून झोपेचा आणि उठण्याचा सगळा प्रवास एका कालरेषेवर दाखवणारे साधन लिहिले. ते पुढे ‘स्लीपग्राफ’ म्हणून ओळखले गेले. त्या चित्रात प्रत्येक उपकरणाची एक पट्टी असते, आणि फिरत्या हार्डडिस्कच्या लॅपटॉपवर एक पट्टी बाकी सगळ्यांहून कितीतरी लांब निघाली. डिस्कची तबकडी पुरत्या वेगाने फिरू लागेपर्यंत कर्नेल पुढे सरकतच नव्हता. ब्रँट आणि डॅन विल्यम्स यांच्या कामामुळे २०१४च्या ३.१५ आवृत्तीपासून डिस्क तिच्या गतीने उठू लागली आणि उरलेले यंत्र तिच्यासाठी ताटकळायचे थांबले. डिस्क तीच, लॅपटॉप तोच, बायोसही तोच. तरी काही सेकंद वाचले, कारण ते कुठे जातात हे आधी दिसले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की आज बहुतेक लॅपटॉपमध्ये फिरती डिस्क उरलेलीच नाही. एसएसडी आली आणि तो प्रश्न आपोआप सुटला असता. हे काही अंशी खरे आहे. नव्या यंत्रांनी पुष्कळ विलंब मुळातच नाहीसे केले. पण सगळे विलंब यंत्राच्या मंदपणातून येत नाहीत. काही विलंब तांत्रिक प्रमाणानेच ठरवून दिलेले असतात. पीसीआय उपकरण झोपेतून बाहेर काढल्यावर त्याच्याशी बोलण्याआधी १० मिलिसेकंद थांबावे लागते, आणि त्याची वीज पूर्ण तोडली असेल तर १०० मिलिसेकंद. चिप कितीही वेगवान आणली तरी ही थांबण्याची अट सुटत नाही. अशा वाट पाहण्या एकमेकींवर रचून एकाच वेळी पार पाडणे, एवढेच हाती उरते. कोणती वाट कोणत्या वाटेवर रचता येईल हे कालरेषा पाहिल्याशिवाय कळत नाही. शिवाय एसएसडी परवडायला आणि पोहोचायला वेळ लागतो. जुना लॅपटॉप आठ-दहा वर्षे वापरणाऱ्या गावांमध्ये २०१४ची सुधारणा फुकटात पोहोचली आणि एसएसडी पैसे मोजून.

दुसरा आक्षेप अधिक शास्त्रीय आहे: मोजमापाने मोजली जाणारी गोष्टच बदलते. कर्नेलमध्ये क्षणाक्षणाला हजारो फंक्शने चालतात. प्रत्येकाची नोंद करायची तर नोंदीलाच वेळ लागणार, आणि मग कालरेषेवर दिसतो तो नोंदीचा वेळ की कामाचा? हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. प्रत्येक फंक्शनची सखोल नोंद चालू केली तर उठण्याचा एकूण वेळ खरोखरच वाढतो. म्हणून या कामात दोन पायऱ्या पाळाव्या लागतात. आधी केवळ उपकरणांच्या सुरुवातीच्या आणि शेवटाच्या ठळक खुणा नोंदवायच्या. त्यांचा भार नगण्य असतो आणि त्यांतून लांब पट्टी सापडते. मग त्या एका उपकरणापुरती खोल नोंद घ्यायची, आणि तिच्यातला एकूण वेळ न पाहता कोणते फंक्शन कोणाची वाट पाहत होते एवढेच पाहायचे. एफट्रेसची रचनाही याला साथ देते: नोंद बंद असताना फंक्शनच्या आरंभी राखलेल्या जागी काहीही न करणारी सूचना असते, त्यामुळे न वापरणाऱ्याला तिची किंमत जवळपास शून्य पडते. साधन सर्वांच्या यंत्रात कायमचे राहू शकले ते याच गुणामुळे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. कर्नेल निजलेला असताना काय घडते हे कर्नेल कसे सांगणार? एस-३मधून उठताना प्रथम फर्मवेअर, म्हणजे बायोससारखा यंत्रातलाच उत्पादकाचा प्रोग्राम, चालते आणि मग कर्नेलला ताबा मिळतो. तो मधला काळ एफट्रेसच्या वहीत नसतोच. शिवाय २०१२च्या विंडोज ८पासून उत्पादक एस-३ सोडून नव्या प्रकारच्या झोपेकडे वळले. तिच्यात यंत्र औपचारिकपणे जागेच असते आणि प्रोसेसर मात्र अतिशय खोल विश्रांतीत जातो. लिनक्समध्ये याच जातीची झोप २०१३च्या ३.९ आवृत्तीत आली. इथे उठायला वेळ अत्यल्प लागतो, पण एखादे उपकरण नीट निजले नाही तर झाकण मिटलेला लॅपटॉप रात्रभर बॅटरी पीत राहतो. म्हणजे मोजमापाची जुनी रीत निरुपयोगी झाली का? इतिहास उलट सांगतो. फर्मवेअरचा वेळ लपलेला आहे हे उघड झाल्यावर २०११च्या एसीपीआय ५.० प्रमाणात फर्मवेअरने आपला वेळ एका तक्त्यात लिहून ठेवण्याची सोय आली, आणि स्लीपग्राफ तो तक्ता वाचून कालरेषेत मिसळतो. नव्या झोपेसाठी यंत्र खरोखर किती वेळ सर्वांत खोल अवस्थेत होते याचा मोजकाटा चिपमध्येच असतो आणि कर्नेल तो वाचू देतो. फोनमध्येही हेच घडले. अँड्रॉइडने यंत्राला जागे धरून ठेवणारी आपली व्यवस्था कर्नेलमध्ये आणू पाहिली तेव्हा २००९-१०मध्ये मोठा वाद झाला. त्यातून जागे ठेवणाऱ्या प्रत्येक कारणाची नोंद ठेवणारी रचना उभी राहिली, आणि २०१२च्या ३.५ आवृत्तीत तिच्यावर आधारलेली आपोआप झोपण्याची सोय आली. आज कोणत्याही अँड्रॉइड फोनचा कर्नेल आपल्याला कोणी जागे ठेवले याचा हिशेब ठेवतो. प्रश्न ‘किती वेळात उठला’ याकडून ‘खरोखर झोपला का आणि कोणी झोपू दिले नाही’ याकडे सरकला, तरी उत्तर नोंदीतूनच येते.

शेवटचा आक्षेप लाखनीचा आहे. ही सगळी कामे इंटेलच्या, गूगलच्या प्रयोगशाळांत होतात. तालुक्याच्या गावाने त्यात का लक्ष घालावे? याचे उत्तर या इतिहासातच आहे. झोपेतल्या चुका बहुधा एका विशिष्ट लॅपटॉपच्या, एका विशिष्ट फर्मवेअरच्या आणि एका विशिष्ट ड्रायव्हरच्या संयोगातून जन्मतात. जगातल्या कोणत्याही प्रयोगशाळेत सगळे संयोग ठेवता येत नाहीत. जुने, स्वस्त, दुसऱ्याने वापरून विकलेले लॅपटॉप तर तिथे नसतातच. ते असतात लाखनीत, लाखांदूरात, पवनीत. तोरवाल्ड्स यांची घड्याळाची युक्ती नेमकी अशा दूरच्या वापरणाऱ्यासाठी होती, आणि २०१०चा वादही दोन साध्या लॅपटॉपवरच्या आकड्यांनी पुढे सरकला होता. साधनांसाठी दमडी मोजावी लागत नाही: स्लीपग्राफ २०१७पासून कर्नेलच्या मूळ संहितेतच ठेवलेला आहे. यंत्र खरोखर न निजवता झोपेच्या वाटेवरच्या पाच टप्प्यांपैकी हव्या त्या टप्प्यापर्यंत जाऊन पाच सेकंदांनी परत येण्याची चाचणीसुद्धा त्याच कर्नेलमध्ये आहे. ऑपरेटिंग सिस्टीम हा विषय शिकवताना प्रक्रिया, मेमरी आणि वेळापत्रक यांच्या आकृत्या फळ्यावर काढल्या जातात. लाखनीच्या समर्थ महाविद्यालयासारख्या ठिकाणच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या लॅपटॉपची झोप कालरेषेवर वाचायला शिकवली, तर त्या आकृत्यांमागचा जिवंत कर्नेल त्याला दिसेल. त्याने टिपलेली एखादी लांब पट्टी नीट लिहून कळवली, तर तिची दुरुस्ती जगभरच्या तशाच यंत्रांपर्यंत जाईल. गेल्या पंचवीस वर्षांत या क्षेत्राची प्रगती अशाच नोंदींवर झाली आहे आणि पुढची नोंद करण्याचा अधिकार कोणत्याही प्रयोगशाळेने राखून ठेवलेला नाही. तो वापरायला शिकवणे हे आता आपल्या महाविद्यालयांचे काम आहे.